उसाचा रस आणि एकशे चार बटणं

माझ्या टेबलावर काही ठेवायचं असेल तर आधी तोंडाने सांगायचं, अशी आमच्या डिस्पॅच ऑफिसात रीतच पडून गेली होती. "चहा ठेवला, उजव्या हाताला." "फाइल ठेवतोय, कोपऱ्यावर." ही रीत कुणी लिहून भिंतीवर लावली नव्हती. चाकणच्या या कंपनीत मी नवा होतो तेव्हा पहिल्याच आठवड्यात माझ्या कोपराने एकाची पाण्याची बाटली आणि दुसऱ्याचा जेवणाचा डबा खाली गेला, आणि त्यानंतर सगळे आपोआप सांगू लागले. मला दिसत नाही. उजेड आणि अंधार यांतला फरक कळतो, खिडकीसमोरून कुणी गेलं तर काहीतरी हलल्यासारखं वाटतं, बाकी काही नाही.

जन्मापासून असं नव्हतं. भोसरीतल्या एका वर्कशॉपमध्ये मी नऊ वर्षं इन्स्पेक्शनला होतो. तयार झालेला पार्ट हातात घ्यायचा, व्हर्नियर लावायचा, माप ड्रॉइंगशी जुळतंय का बघायचं. कडेला राहिलेली बारीक धार मला नुसत्या अंगठ्याने कळायची. तिशीनंतर आधी रात्रीचं दिसणं कमी झालं, मग बाजूचं दिसेनासं झालं. डॉक्टर म्हणाले, डोळ्याच्या पडद्याचा आजार आहे, तो मागे फिरत नाही. व्हर्नियरवरच्या रेघा एकमेकींत मिसळू लागल्या तेव्हा मी कुणाला सांगितलं नाही. दोन चुकीची मापं पास झाली आणि सुपरवायझरनी मला बाजूला घेऊन अगदी मायेने सांगितलं, "थोडे दिवस तू पॅकिंगला थांब." ते थोडे दिवस संपलेच नाहीत. पॅकिंगमधून मी सरळ घरी आलो.

निगडीच्या घरात मी जवळजवळ दोन वर्षं बसून काढली. बायको शाळेत शिकवायला जायची, मुलगी कॉलेजला, आणि मी रेडिओ. अंध लोकांना कॉम्प्युटर शिकवणारा एक वर्ग आहे हे बायकोने कुठूनतरी शोधून काढलं आणि मी नाही नाही म्हणत असताना मला तिथे नेऊन बसवलं. शिकवणारे सर स्वतः जन्मांध होते. पडद्यावरचं सगळं वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर कसं ऐकायचं, माउसला हात न लावता सगळं काम कसं करायचं, हे त्यांनी शिकवलं. कीबोर्ड घेताना काय बघायचं तेही त्यांनीच सांगितलं. म्हणाले, "सपाट घेऊ नका. बोटाला खाली-वर कळलं पाहिजे. घराघरांत अंतर पाहिजे."

मग चिंचवडच्या एका दुकानात मी आणि बायको तासभर उभे होतो. दुकानदार एकेक कीबोर्ड काढून देत होता आणि मी त्यावर बोटं फिरवून परत करत होतो. शेवटी एक जाडजूड, जुन्या धाटणीचा, वायरवाला मिळाला. बटणं उंच, मधोमध खोलगट, ओळींना उतार वेगवेगळा. घरी आल्यावर बायकोने तिच्या नेलपॉलिशचे थेंब काही बटणांवर ठेवले आणि वाळवले, म्हणजे डिलीट कुठलं, एस्केप कुठलं हे माझ्या बोटाला लगेच लागावं. चाकणच्या नोकरीचा फोन आला तेव्हा मी साहेबांना एकच विचारलं, "माझा कीबोर्ड आणला तर चालेल का?" ते हसून म्हणाले, "खुर्ची पण आणा हवी तर."

काम माझ्या आवडीचं आहे. ट्रान्सपोर्टवाल्यांचे आणि ड्रायव्हरांचे फोन घ्यायचे, कुठली गाडी कुठे पोचली, कधी लागणार, कोणता माल भरायचा, हे विचारायचं आणि गेटला, स्टोअरला मेल टाकायचा. एका कानावर फोन, दुसऱ्या कानावर हेडफोन. हेडफोनमधली बाई मी टाइप करतो ते प्रत्येक अक्षर वाचून दाखवते. सहा वर्षं मी हे करत होतो आणि माझा हात त्या कीबोर्डवर इतका बसला होता की फोनवर बोलता बोलता मेल लिहून व्हायचा.

तर, एप्रिलमधला सोमवार होता. दुपारी चारच्या सुमाराला ऑफिसातल्या सगळ्यांनी मिळून गेटबाहेरच्या गाड्यावरून उसाचा रस मागवला. त्याच दिवशी आमच्याकडे एक ताई नवीन रुजू झाल्या होत्या. तिशीच्या असतील, नांदेडकडच्या, नवऱ्याची इकडे बदली झाली म्हणून आलेल्या. रस वाटायचं काम कुणीतरी त्यांच्याकडे दिलं. त्यांनी सगळ्यांच्या टेबलावर एकेक ग्लास ठेवला, तसा माझ्याही ठेवला. मी फोनवर होतो. माणूस कामात आहे, मध्ये बोलू नये, इतकी साधी सभ्यता त्यांनी पाळली.

फोन संपला, मी रिसीव्हर ठेवायला हात नेला आणि ग्लास आडवा झाला. आधी मांडीवर गार लागलं. मग हेडफोनमधली बाई बोलायला लागली. "सेमीकोलन, सेमीकोलन, सेमीकोलन," आणि थांबेचना. मी घाबरून कुठलीतरी बटणं दाबली तर "एल, एल, एल" सुरू झालं. अर्धवट लिहिलेला मेल त्या गोंधळात निघूनही गेला. गेटवरच्या सिक्युरिटीला मिळालं ते असं: गाडी आत घ्या, आणि पुढे ओळभर सेमीकोलन.

मी ओरडलो. "कुणी ठेवला इथे ग्लास?"

"मी ठेवला, सर," ताईंचा आवाज आला. अगदी बारीक.

"दिसत नाही का तुम्हाला?"

हे माझ्या तोंडून गेलं. मी, ज्याला दिसत नाही, मी त्यांना हे विचारलं. आजही ते आठवलं की माझे कान गरम होतात.

कोपऱ्यातून कुणीतरी धडधडत आलं. मेंटेनन्सचे मामा. ते आमच्याकडे ट्यूबलाइट बदलायला शिडीवर चढले होते. मामा चाकणजवळच्याच एका गावचे, घरची शेती आहे, पहाटे गोठ्यातलं आवरून फर्स्ट शिफ्टला येतात. त्या दिवशी ओव्हरटाइमला थांबले होते म्हणून सापडले. त्यांच्या शर्टाला ग्रीस आणि कडबा असा मिळून वास येतो, त्यामुळे ते दारात आले की मला कळतं.

"वायर काढा आदी! वायर!" म्हणत त्यांनी माझ्या टेबलाखाली हात घातला आणि कीबोर्डची वायर उपटलीच. मग कीबोर्ड उचलून पालथा धरला. रस माझ्या बुटांवर टपटप गळायला लागला.

"सरळ ठिवायचा न्हाई आता," ते म्हणाले. "आसाच पालथा ऱ्हाऊ द्या. साखर हाय, भाऊ. पानी आसतं तर वाळलं आसतं. साखर चिकटून बसती."

"गेला का मामा?"

"आजून काय सांगता येत न्हाई. मी घिऊन जातो."

आणि ते घेऊन गेले. साहेबांनी तासाभरात नवा कीबोर्ड आणून दिला. चांगला होता, महागातला होता, असं सगळे म्हणाले. पण पाटीसारखा सपाट. बटणं एकमेकांना चिकटलेली, ओळींना उतार नाही, आणि बोट कुठे ठेवायचं हे कळण्यासाठी दोन बटणांवर जी बारीक रेघ असते ती इतकी पुसट की दर वेळी शोधावी लागायची. एक घर उजवीकडे सरकलो की अख्खा शब्द भलताच. हेडफोनमधली बाई सांगायची, मी पुसायचो, परत लिहायचो. मंगळवार असाच गेला.

बुधवारी व्हायचं ते झालं. तीन फोन एकामागे एक आले, मी घाईत हेडफोन मानेवर सरकवला आणि एका ट्रकचा नंबर बाईकडून ऐकून न घेता पाठवून दिला. एक आकडा चुकला होता. तो ट्रक गेटबाहेर उन्हात तासभर उभा राहिला. सिक्युरिटीवाला सोडेना, ड्रायव्हर माझ्या नावाने ओरडत राहिला. त्याचं बरोबरच होतं.

संध्याकाळी साहेब माझ्या टेबलाशी आले. चांगला माणूस आहे, आवाज कधी चढवत नाहीत. म्हणाले, "टेन्शन घेऊ नका. थोडे दिवस गाड्यांचे नंबर ताई टाकतील. तुम्ही फोन बघा फक्त."

थोडे दिवस. मी "बरं सर" म्हणालो.

दुसऱ्या दिवशी गुरुवार, आमच्या एमआयडीसीची साप्ताहिक सुट्टी. बायको शाळेत गेलेली. मी घरात बसून एकच विचार करत राहिलो की आता फोन आहेत, मग फोनही कमी होतील, मग साहेब कधीतरी मायेने बाजूला घेतील. संध्याकाळी बायकोला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "आणि त्या बाईंना काय बोललात?"

"कुठल्या?"

"ज्यांनी ग्लास ठेवला. त्यांना कुणी सांगितलं होतं का, तुमच्या टेबलावर सांगून ठेवायचं म्हणून?"

नव्हतं सांगितलं. सहा वर्षांत आमच्या सगळ्यांच्या ते इतकं अंगवळणी पडलं होतं की नव्या माणसाला सांगायचं असतं हे कुणाच्याच लक्षात आलं नाही. माझ्याही नाही, आणि सांगायला तर सगळ्यात आधी मीच हवा होतो.

शुक्रवारी सकाळी मी ऑफिसात पोचल्या पोचल्या ताईंच्या टेबलाशी गेलो. म्हणालो, "ताई, सोमवारी मी फार वाईट बोललो. चूक तुमची नव्हती. तुम्हाला सांगायचं राहिलं, ती आमची चूक."

त्या मग म्हणाल्या, "सर, मला वाटलं पहिल्याच दिवशी माझी नोकरी गेली. घरी सांगितलंसुद्धा नाही." आणि मग, "त्या कीबोर्डचं काय झालं? मी मंगळवारी मेंटेनन्सला जाऊन विचारलं होतं. मामा म्हणाले, धुतलाय."

"धुतला?"

"हो. साबणाने."

मी हादरलोच. थोड्या वेळाने मामांचाही निरोप आला, जेवणाच्या सुट्टीत या म्हणून. जेवणाच्या सुट्टीत ताईंच्या कोपराला धरून मी मेंटेनन्सच्या खोलीत गेलो. इतक्या वर्षांत तिथे मी पहिल्यांदाच जात होतो. कंप्रेसरची घरघर भिंतीपलीकडून येत होती. मामांनी मला स्टुलावर बसवलं आणि काय काय केलं ते सांगायला लागले, शेतातलं काम सांगावं तसं, सावकाश.

मागचे स्क्रू काढले. एक स्क्रू स्टिकरखाली लपला होता, त्याने अर्धा तास खाल्ला. सगळे स्क्रू जुन्या स्पीकरच्या लोहचुंबकाला चिकटवून ठेवले, हरवायला नकोत. तारेचे दोन आकडे वाकवून एकेक बटण वर ओढून काढलं. आत रबराची एक चादर निघाली, तिला प्रत्येक बटणाखाली एक फुगा. आणि तिच्याखाली प्लॅस्टिकचे तीन पातळ कागद, एकावर एक.

"त्यावर रेघा हायेत बगा," मामा म्हणाले, "लग्नाच्या पत्रिकेवर चकाकी मारत्यात ना, तसल्या. त्या रेघंवर रस ग्येलेला. तिन्ही कागद येकाला येक चिकाटलेले. वडलं आसतं तर रेघ आली आसती निघून."

"मग?"

"मग वडलंच न्हाई. बॅटरीत घालायचं पानी आसतं ना आपल्याकडं, माल उचलायच्या स्टॅकरच्या बॅटरीला घालतो ते. त्यात क्षार नसत्यात. ते कोमट क्येलं, परातीत वतलं आन कागद त्यात सोडून दिले. दोन तासांनी आपसूक सुटं झाले. मऊ कापडानं टिपले. परवा हितं दोरीवर वाळत घातले व्हते, आज सकाळी काढून परत बसावले."

"हवा मारली असती तर लवकर वाळले नसते का?" ताईंनी विचारलं.

"आमच्या कंप्रेसरच्या हवेत पानी येतंय, पोरी. उलट भिजले आसते."

बटणं त्यांनी कॅन्टीनमधून चाळण मागून आणून साबणाच्या पाण्यात धुतली होती. ती चाळण त्यांनी माझ्या मांडीवर ठेवली. मी आत हात घातला. सगळी एकशे चार बटणं स्वच्छ, कोरडी, खुळखुळणारी. मला ती माझी आहेत हे हाताला लगेच कळलं.

"काही बटनांवर कसलंतरी वाळलेलं व्हतं," मामा म्हणाले. "येक नखानं खरवडून काढलं. बाकीची काढायची राह्यलीत."

"अहो नको! ते नेलपॉलिश आहे. बायकोने लावलंय, मला कळावं म्हणून."

"आसं व्हय!" मामा ओशाळले. "म्या म्हनलं रंगाचं काम करताना उडालं आसंल."

ताई हसल्या. त्यांचं हसणं मी तेव्हा पहिल्यांदा ऐकलं.

"आता मेन गोष्ट," मामा म्हणाले. "काढायच्या आदी फोटो काढायचा राह्यला, राव. आता कुठलं बटन कुठं ते तुमी सांगा. मी तुमच्या हातात देतो."

आणि आम्ही सुरू केलं. मामांनी कागद, रबर, पत्रा सगळं परत नीट बसवलं होतं, रिकामा सांगाडा माझ्यासमोर ठेवला. ते चाळणीतून एक बटण उचलायचे, अक्षर वाचायचे आणि माझ्या तळहातावर ठेवायचे.

"ह्यो टी."

वरच्या ओळीत, डावीकडून पाचवं घर. मी बोटाने घरं मोजली, बटण ठेवलं, अंगठ्याने दाबलं. टक्.

"ह्यो जी."

मधल्या ओळीत, टीच्या जरासं खाली उजवीकडे. टक्.

"ह्यो यम."

खालच्या ओळीत सातवं. टक्.

"ह्यो बी यमच."

"मामा, एम दोनदा कसा येईल?"

ते थांबले. "उलटा धरला व्हय मी. डब्ल्यू हाय."

सुरुवातीला मी चाचपडत होतो, मग हात चालायला लागला. अक्षर ऐकायच्या आधीच पुष्कळदा मला उतारावरून ओळ कळायची. आकड्यांची ओळ सगळ्यात उंच आणि पुढे झुकलेली, खालची ओळ उलट बाजूला कललेली. मामा म्हणायचे "ह्यो" आणि मी म्हणायचो, "थांबा, हे वरच्या ओळीतलं आहे." मग ते "वाय" म्हणायचे. भोसरीत अंगठ्याने धार शोधायचो त्या दिवसांनंतर माझा हात इतका खात्रीने काही सांगतोय असं मला वाटलं नव्हतं. माझा आणि मामांचा डबा तसाच राहिला. ताई मध्ये मध्ये त्यांच्या भाकरीचा तुकडा माझ्या हातावर ठेवायच्या, आणि प्रत्येक वेळी सांगून.

शेवटी चार बटणं उरली.

"ही तर कोरीच हायेत," मामा म्हणाले. "घासून अक्षरच ग्येलं. आता?"

कोरी म्हणजे मी सगळ्यात जास्त मारलेली. मी सांगाड्यावर हात फिरवला. चार खड्डे रिकामे होते: ई, ए, एस आणि एन. चारही बटणं हातात घेऊन उतार पाहिला. एक वरच्या ओळीतलं, ते ई. एक खालच्या ओळीतलं, ते एन. उरलेली दोन मधल्या ओळीतली, अगदी सारखी.

"ह्या दोघी बहिणी आहेत," मी म्हणालो, "कुणीही कुठेही बसा."

टक्. टक्.

मामांनी त्यांच्या खोलीतल्या कॉम्प्युटरला वायर लावली. मी हळूच एकेक बटण मारत गेलो आणि ताई पडद्यावर बघून मोठ्याने वाचत गेल्या. क्यू, डब्ल्यू, ई, आर. सगळी ओळ बरोबर. सेमीकोलन एकदाच आला. एल एकदाच आला. कीबोर्डवर डोकावून बघणाऱ्या मामांचा श्वास माझ्या कानाजवळ वाजत होता. एकच बटण दबेना, अगदी कोपऱ्यातलं, पॉज लिहिलेलं. ते मी कधीच वापरत नाही, त्यामुळे माझ्या दृष्टीने कीबोर्ड पूर्ण होता.

"आला बगा धंद्याला," मामा म्हणाले.

मी त्यांचा हात धरला. मला काहीतरी चांगलं बोलायचं होतं, पण "मामा, मामा" एवढंच म्हणत राहिलो. त्यांच्या तळहाताला घट्टे होते आणि साबणाचा वास येत होता.

तेवढ्यात दाराशी कुणीतरी घसा खाकरला. साहेब. ते कंप्रेसरचं काही विचारायला आले होते. ताईंनी मला नंतर सांगितलं की ते चांगली दहा मिनिटं तिथे उभे होते, मी बटणं बसवत होतो ते बघत. त्यांनी मामांना कंप्रेसरचं विचारलं आणि गेले.

शनिवारी सकाळी त्यांचा मेल आला. हेडफोनमधल्या बाईने वाचून दाखवला. आजपासून गाड्यांचे नंबर आधीप्रमाणे मीच टाकणार, असं गेटला, स्टोअरला आणि ताईंना कळवलं होतं. एका ओळीचा मेल. मी तो तीनदा ऐकला.

आधीच्या नोकरीत मला कुणी दुष्टपणे वागवलं नव्हतं, हे मी नेहमी स्वतःला सांगतो. त्या सुपरवायझरला माझी काळजीच होती. पण काळजीपोटी लोक तुमच्या हातातलं काम काढून घेतात, आणि परत द्यायचं कुणाला सुचत नाही. इथे ते तीन दिवसांत परत आलं. त्यात साहेबांचा मोठेपणा आहेच. पण ते परत येण्याआधी कुणीतरी परातीत पाणी कोमट करत बसलं होतं.

एक गोष्ट मला आठवडाभराने सुचली आणि मी बसच्या रांगेत मामांना गाठलं. "मामा, फोटो नव्हता तर दुसऱ्या कुठल्याही कीबोर्डकडे बघून बटणं लावता आली असती की. तुमच्याच खोलीत एक होता."

"व्हता की," मामा म्हणाले.

"मग मला कशाला बोलावलंत?"

ते थोडे घुटमळले. "त्या ट्रकचं कळलं व्हतं मला. गेटवरचा पोरगा आमच्याच गावचा हाय. म्हनलं, ज्याचं हाय त्यानंच लावावं." मग लगेच, "आन माज्या खोलीतल्या कीबोर्डावर ती आजूबाजूची बटनं येगळी व्हती, चुकलं आसतं माजं." त्यांची बस आली आणि ते चढले.

साहेबांना कंप्रेसरचं विचारायला त्याच वेळी कसं सुचलं, हे मी मामांना विचारलं नाही. विचारलं असतं तरी त्यांनी सांगितलं नसतं.

त्या पावसाळ्यात कंपनीने नवी पद्धत आणली. मशीन बंद पडलं की मेंटेनन्सच्या माणसाने स्वतः कॉम्प्युटरवर नोंद करायची: काय बिघडलं, काय केलं, किती वेळ लागला. तरुण पोरांना काहीच वाटलं नाही. मामा मात्र दर वेळी कुणाकुणाच्या मागे लागून नोंद करून घ्यायचे. एके दिवशी जेवणाच्या सुट्टीत कडबा आणि ग्रीसचा वास माझ्या टेबलाशी येऊन थांबला.

"भाऊ, कामात हाय का?"

"नाही मामा, बसा."

ते बसले नाहीत. आवाज खाली आणून म्हणाले, "मला ते शिकवता का, टाइपिंग? पोरं करून देत्यात, न्हाई म्हनत न्हाईत. पन आपलं काम दुसऱ्याच्या तोंडनं सांगायचं, बरं वाटत न्हाई."

मी खुर्ची त्यांच्याकडे सरकवली. मला कॉम्प्युटरच्या वर्गातल्या सरांनी जसं शिकवलं होतं तसंच मी शिकवलं. त्यांची जाड बोटं उचलून मधल्या ओळीवर ठेवली, रेघ असलेली दोन बटणं दाखवली. म्हणालो, "मामा, बोटांकडे बघायचं नाही." ते म्हणाले, "बगू दे की जरा," आणि बघतच राहायचे, हे त्यांचा आवाज खाली वळलेला यायचा त्यावरून मला कळायचं. दीड महिना, रोज दहा-पंधरा मिनिटं. ताई समोर बसून पडद्यावरचं वाचायच्या आणि "मामा, स्पेस! स्पेस!" म्हणून ओरडायच्या.

सप्टेंबरमध्ये एका दुपारी ते ऑफिसात आले ते सरळ माझ्याच टेबलाशी. म्हणाले, "आपल्याच कीबोर्डावर करतो पयली नोंद. चालंल ना?" मी उठून त्यांना जागा दिली. बराच वेळ एकेक टक् येत राहिला. मग ते म्हणाले, "झालं."

मी हेडफोनचा एक भाग त्यांच्या कानाला लावला, दुसरा माझ्या. हेडफोनमधली बाई आमचं मराठी इंग्रजी अक्षरांत लिहिलेलं आपल्या परदेशी उच्चारात वाचू लागली. कॉम्प्रेसर टू, बेल्ट टुटला, नवा टाकला, चालू आहे.

मामा कान हेडफोनला घट्ट लावून बसले होते.

"पुन्यांदा लावा की," ते म्हणाले.